पॅकेज वर्षाचं, हप्ता महिन्याचा

आमच्या सोलापूरकडच्या नात्यात व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेली पहिली मुलगी मी. त्यामुळे सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "ताई, पुण्यात एका कॉलेजला मिळतंय. सरासरी पॅकेज नऊ लाख सांगतायत, फी दहा लाख. म्हणजे सव्वा वर्षात वसूलच ना?" या प्रश्नात दोन आकडे असतात आणि दोन्ही कामाचे नसतात.

फीपासून सुरुवात करू. २०१६ मध्ये पुण्याच्या एका खासगी संस्थेत मी पीजीडीएमला प्रवेश घेतला. फी, वसतिगृह, लॅपटॉप धरून दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज, व्याज ११ टक्के. बँकेने पैसे दोन वर्षांत पाच-पाच लाख करून सोडले. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नाही, हे सगळे सांगतात. त्या काळात व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं आणि हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिसळतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचं, दुसऱ्या पाचांवर दोन वर्षांचं, मिळून पावणेतीन लाख. म्हणजे २०१९ मध्ये पहिला हप्ता भरताना माझं कर्ज दहा नव्हतं, पावणेतेरा लाख होतं. दहा वर्षांसाठी महिन्याला १७,५६० रुपये. सगळे हप्ते मिळवून बघा, २१ लाखांच्या पुढे जातं. फी दहा लाख!

आता पॅकेज. माझं सात लाख वीस हजारांचं होतं. बारा भागले की साठ हजार, असं घरी सगळ्यांनी धरलं होतं. आईने तर शेजारी पेढेही दिले. पण त्या ७.२० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती, विम्याचा हप्ता होता आणि दहा टक्के व्हेरिएबल होतं, जे टार्गेट झालं तर वर्षअखेरीस मिळणार. उरलेल्यातून माझा पीएफ, दोनशे रुपये व्यवसाय कर आणि थोडा आयकर गेला की खात्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस हजार पडायचे. काम गृहकर्ज विकायचं. नगर रोडवरच्या नव्या इमारतींच्या सेल्स ऑफिसांत जाऊन बसायचं, बिल्डरच्या माणसांशी गोड बोलायचं. शेजारच्या खुर्चीतला मुलगा साधा बी.कॉम. होता, तीन वर्षांचा अनुभव घेऊन आलेला, आणि टार्गेट दोघांना एकच.

पण खरा हिशेब वेगळाच आहे. प्रवेशाआधी मी सोलापुरात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बारा हजारांवर होते. माझी मैत्रीण तिथेच राहिली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, सगळ्या व्यापाऱ्यांची धावपळ उडाली, आणि रिटर्न भरता येणाऱ्या माणसाला एकदम किंमत आली. मी हप्ता सुरू केला तेव्हा ती घरी राहून अठ्ठावीस हजार कमवत होती. माझ्या-तिच्या पगारात फरक १८ हजार, माझा हप्ता साडेसतरा. उरले पाचशे, आणि पुण्यातल्या कॉटचं भाडं त्याच्या बाहेर. शिवाय ज्या दोन वर्षांत मी काहीच कमावलं नाही ते वेगळंच. पुढे नोकरी बदलल्यावर माझा पगार चांगला वाढला, हे खोटं बोलणार नाही. पदवी वाया गेली असं मला वाटत नाही. तिला दिलेली किंमत जास्त होती, एवढंच म्हणणं आहे.

आणि ती किंमत एकट्या मुलाला लागत नाही. नेहमीच्या नियमाने साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आमचं घर तारण गेलं, बाबा सहकर्जदार झाले. पुढे त्यांना वरचा मजला चढवायला कर्ज हवं होतं, तेव्हा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आधीच बोजा निघाला. माझे दोन हप्ते उशिरा गेलेले, ते त्यांच्याही सिबिलमध्ये दिसत होते. एसटीत आयुष्यभर कुणाचं देणं न ठेवलेला माणूस बँकेच्या मॅनेजरसमोर गप्प बसून राहिला. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सहा महिने हप्ते थांबवायची मुभा दिली होती. हप्ते थांबले, व्याज नाही.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी आधी 'सरासरी' विसरायला सांगते. वर्गातल्या एकाला दुबईत मोठी नोकरी लागली की सरासरी वर जाते, बाकीच्यांचा पगार आहे तिथेच राहतो. मध्यक विचारा, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्याला किती मिळतात. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था हा आकडा स्वतःच भरून देतात, तो संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. सोबत किती जण पास झाले आणि त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, तेही बघा, कारण मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. त्या मधल्या मुलाच्या हातात येणाऱ्या पगारातून तुमची आत्ताची कमाई वजा करा. हप्ता या फरकाच्या निम्म्याहून जास्त असेल तर मी नको म्हणते.

शैक्षणिक कर्जावर आयकराच्या ८०ई कलमाखाली करसवलत मिळते, असं कॉलेजचा काउन्सेलर हमखास सांगतो. ती फक्त व्याजावर, आठ वर्षं आणि जुन्या करपद्धतीतच. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तसाही कर नाही, तेव्हा बहुतेकांना तिचा उपयोग शून्य. त्यापेक्षा शिकत असताना घरून जमेल तेवढं व्याज भरत राहा. काही बँका त्यासाठी दरात एक टक्का सवलतही देतात.

कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, सीट मिळत असेल तर संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंट कोट्याच्या मागे लागू नका. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शिष्यवृत्ती मिळते ती कॅपच्या प्रवेशावर. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तेही कॅपमधूनच. आमच्या वेळी हे नव्हतं.

"आज पैसे भरले नाहीत तर सीट जाईल" असा फोन आला तर घाबरू नका. आणि भरून बसला असाल, तरी अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आत प्रवेश रद्द केल्यास एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेला जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. मूळ मार्कशीट आणि दाखले अडवून ठेवण्याचा त्यांना अधिकार नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.