माळावरचा चंडोल

कल्याणहून मलंगगडाकडे निघालेल्या वाटसरूला घरांची दाटी विरळ झाली, की मधूनमधून मोकळे माळ भेटतात. पावसाळा नुकताच ओसरलेला असतो. गवत पिवळे पडू लागलेले असते आणि त्याच्या पात्यांवर दवाचे थेंब चमकत असतात. अशा वेळी पाऊलवाटेवरील मातीचे एखादे ढेकूळ एकाएकी हलल्यासारखे वाटते. निरखून पाहावे, तर ते ढेकूळ नसते. तो असतो एक लहानसा पक्षी! चार पावले तो तुरुतुरु धावतो, डोक्यावरचा टोकदार तुरा उभारतो आणि भुर्रकन उडून थोड्या अंतरावर पुन्हा जमिनीवरच उतरतो. हाच मलबारी चंडोल.

चंडोल चिमणीहून किंचित मोठा असतो. त्याची पाठ तांबूस तपकिरी असून तीवर गडद रेघा असतात. छातीवरही तशाच रेघा दिसतात. नर आणि मादी दिसण्यात सारखीच. मोराचा डौल किंवा पोपटाचा रंग त्याच्यापाशी नाही. परंतु हा साधेपणाच त्याचे चिलखत होय. तो मातीवर निश्चल बसला, की घारीच्या तीक्ष्ण दृष्टीलाही सहज सापडत नाही.

या पक्ष्याचा सारा संसार भुईवर चालतो. गवताचे बी आणि किडे हे त्याचे अन्न. पिलांना मात्र तो मुख्यतः किडेच भरवतो. एखाद्या ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला जमिनीतच लहानसा खळगा करून त्यात तो गवताचे घरटे रचतो. मादी त्यात दोन किंवा तीन अंडी घालते. अंड्यांवर तपकिरी ठिपके असल्यामुळे तीही मातीत मिसळून जातात. चंडोल अंघोळ करतो तीही पाण्याऐवजी धुळीत!

परंतु भुईवर राहणारा हा पक्षी गातो मात्र आकाशात. पंख फडफडवीत तो उंच चढतो आणि अधांतरी राहून मंजुळ स्वरांची लड उलगडीत जातो. यामागे कारण आहे. रानातील पक्षी उंच फांदीवर बसून गातो आणि त्याचा आवाज दूरवर पोहोचतो. माळावर उंच वृक्ष कोठून असणार? म्हणून चंडोलाने आकाशालाच आपली फांदी केली आहे. खाली एखादे खुरटे झुडूप मिळाले, तर त्याच्या शेंड्यावर बसूनही तो गातो.

चंडोलाचे कुळ मोठे आहे. जगात त्याच्या सुमारे १०० जाती असून त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत राहतात. तांबड्या मानेचा एक चंडोल तर त्या खंडाच्या फार मोठ्या भागात आढळतो. स्मिथ या संशोधकाने १८३६ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. ठिकठिकाणच्या या पक्ष्यांत इतके बारीक भेद आहेत, की त्यांच्या वीसहून अधिक पोटजाती मानल्या गेल्या. अलीकडे त्यांच्या गाण्यांची आणि आनुवंशिक गुणांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी काहींना स्वतंत्र जाती मानणे योग्य ठरेल, असे शास्त्रज्ञांना दिसून आले.

चंडोलांच्या बाबतीत असा घोटाळा का होतो? याचे उत्तर मातीत आहे. शत्रूपासून लपण्यासाठी चंडोलाचा रंग त्या त्या मातीशी जुळलेला असतो. त्यामुळे एकाच जातीचे पक्षी निरनिराळ्या मातीवर निराळे दिसतात, आणि भिन्न जातींचे पक्षी सारख्या मातीवर सारखे दिसतात. केवळ रंगावर विसंबणारा येथे हमखास फसतो.

आपल्या मलबारी चंडोलाची कथाही अशीच आहे. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने केलेल्या वर्णनावरून स्कोपोली या युरोपीय निसर्गपंडिताने १७८६ साली त्याला नाव दिले. पुढे काही अभ्यासक त्याला उत्तर भारतापासून उत्तर आफ्रिका आणि युरोपापर्यंत पसरलेल्या तुरेवाल्या चंडोलाचीच एक शाखा मानू लागले. स्पेन आणि आफ्रिका येथील थेक्ला चंडोलाशी त्याला एक करावे, असे इतरांचे मत होते. आज तो स्वतंत्र जातीचा मानला जातो. गुजरातपासून केरळपर्यंतचा पश्चिम भारत एवढेच त्याचे घर. जगात अन्यत्र तो कोठेही नाही.

अशा माळांवर त्याच्या सोबतीला राखी डोक्याचा एक छोटा चंडोलही असतो. त्याच्या नराचे पोट काळे असते. तो उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमीन जवळ येताच पुन्हा वर उसळतो. कोल्हांटउड्या मारणाऱ्या खेळाडूसारखी त्याची ही कसरत पाहताना मन हरखून जाते.

पूर्वी ठाणे जिल्ह्यात अशा माळांना तोटा नव्हता. सखल जागी भाताची खाचरे आणि उंचवट्यावर वरकस जमीन, अशी येथील शेतीची रचना असे. वरकस जमिनीवर नाचणी, वरी आणि गवत होई. हे गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना पाठवले जाई. १८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि १८५४ साली ती कल्याणला पोहोचली. पुढे गावांची नगरे झाली. २०११ सालच्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. इतक्या माणसांना घरे हवीत, रस्ते हवेत. त्यांना दोष कोण देईल? तथापि जागा हवी झाली, की पहिला भराव बहुधा माळावरच पडतो. कारण माळ म्हणजे ‘पडीक जमीन’ अशी आपली समजूत. भारत सरकारने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी माळांची गणना पडीक जमिनींतच केलेली आहे.

कधीकधी तर सद्‌हेतूनेही हानी होते. उघडा माळ पाहून सज्जनांना वाटते, की येथे दाट झाडे लावावीत. जेथे रान तुटले, तेथे झाडे अवश्य लावावीत; ते पुण्यकर्मच आहे. परंतु माळ म्हणजे झाडे तुटलेले रान नव्हे. झाडांची दाट सावली पडली, की गवत खुरटते. गवत गेले, की त्याचे बी आणि किडे जातात. आणि मग चंडोलाला तेथे घर उरत नाही. उन्हाळ्यात लावलेला वणवा आणि मोकाट कुत्री हेही त्याच्या भुईवरील घरट्याचे वैरीच आहेत.

शास्त्रज्ञांनी चंडोलाचे खरे नाव ठरवण्यासाठी दोन शतकांहून अधिक काळ खटपट केली. तो ज्या भूमीवर राहतो, तिला मात्र आपण विचार न करता ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. ज्या जमिनीवर गुरे चरतात, गवत वाढते, अंडी उबतात आणि जिच्यावरून दररोज प्रातःकाळी गाणे आकाशात चढते, ती पडीक कशी? योग्य नाव देणे ही ज्ञानाची पहिली पायरी आहे. चंडोलाला चंडोल आणि माळाला माळ म्हणावयास आपण शिकलो, तर त्या दोघांनाही जपण्याची बुद्धी आपणांस होईल.

अभ्यास

१. चंडोलाच्या साध्या रंगाला ‘चिलखत’ का म्हटले आहे?
२. ‘चंडोलाने आकाशालाच आपली फांदी केली आहे’, या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
३. केवळ रंगावरून चंडोलाची जात ओळखणे कठीण का आहे?
४. माळावर दाट झाडे लावल्याने चंडोलाची हानी कशी होते, ते क्रमाने लिहा.
५. आपल्या घराजवळील एखाद्या मोकळ्या जागेचे निरीक्षण करा. तेथे दिसणारे पक्षी, किडे आणि गवत यांविषयी दहा ओळी लिहा.