नव्याण्णव टक्के आणि दुसरी पंगत

चि. चिमीस,


मंगळवारी रात्री २.२० ला तुझा फोन वाजला तेव्हा मामी माझ्याआधी उठून बसली. आमच्या वयात त्या वेळचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ. तू मात्र विचारत होतीस, "मामा, आरसिंक नव्याण्णव टक्क्यांवर येऊन पाऊण तास झाला, पुढे सरकत नाही. कंट्रोल-सी मारू का?" मी म्हटलं, हात लावू नकोस. त्यावर जरा वेळ काहीच नाही, आणि मग बारीक आवाजात, "मारला रे मघाशीच."

रागवायला हे पत्र लिहीत नाहीये. बॅकअपसाठी लावलेला आरसिंक परत चालवला की पोचलेल्या फायली सोडून तो पुढे जातो, त्यामुळे तुझं नुकसान फार तर तासा-दोन तासांचं. तेच टार करून एसएसएचमधून पाइप लावला असतास तर अख्खी रात्र पाण्यात गेली असती. मला खुपतंय ते वेगळंच. पडद्यावरचा एक आकडा हलत नव्हता म्हणून काम थांबलंय असं तू ठरवलंस. दुसरीकडे कुठे डोकावलीसच नाहीस.

आधी त्या नव्याण्णवचा हिशेब. २००८ साली आरसिंकची ३.० आवृत्ती आली, तेव्हापासून तो सगळ्या फायलींची यादी आधी करत बसत नाही. थोडी यादी करतो, कॉपी सुरू करतो, पुढची यादी चालता चालता करत राहतो. टक्के काढतो ते मात्र तोवर सापडलेल्या फायलींवर. लग्नात पहिली पंगत मठ्ठा-भातावर आली म्हणून आचाऱ्याने "नव्याण्णव टक्के जेवले" म्हणावं आणि मांडवाबाहेर दुसरी पंगत ताटकळत उभी असावी, त्यातला प्रकार. ओळीच्या शेवटी कंसात काय येतं ते वाचायची सवय लाव. "आयआर-चेक" दिसतंय तोवर यादी अजून चालू आहे, म्हणजे टक्क्यांना काडीचा अर्थ नाही. ते बदलून "टू-चेक" झालं की यादी संपली, आणि पुढे दिसतात ते उरलेल्या नि एकूण फायलींचे खरे आकडे. तू पाठवलेल्या फोटोत स्वच्छ "आयआर-चेक" आहे. आधी सगळी यादी करून मगच कॉपी करायला लावणारा पर्यायही त्यात आहे, पण मग मेमरी जास्त लागते आणि सुरुवातीला बराच वेळ पडदा मुका राहतो. म्हणजे तू मला २.२० ऐवजी १२.२० ला उठवशील.

त्यातून तुमच्या फाइल सर्व्हरवर स्कॅन केलेल्या कागदांच्या लाखो बारक्या फायली. मोठी फाइल एकदा उघडली की सुसाट जाते. बारकीला मात्र दर वेळी उघडा, लिहा, बंद करा, नाव द्या हा सगळा सोपस्कार करावा लागतो. बाइट्सच्या हिशेबाने काम संपत आलेलं असतं आणि फायलींच्या हिशेबाने निम्मं बाकी असतं.

आता मुद्द्याचं. प्रोग्रेस बार म्हणजे "कोपऱ्यावर आलोय, पाचच मिनिटं" म्हणणारा माणूस. खोटारडा नसतो तो, पण त्याच्या शब्दावर चहा टाकायचा नसतो. कोपऱ्यावर कोण आहे ते गॅलरीतून बघायचं. तुझ्या गॅलऱ्या तीन. पहिली, जिथे बॅकअप जातोय ती जागा. आरसिंक चालू असताना तिथल्या फोल्डरमध्ये लपलेल्या फायलींसकट यादी काढ. जी फाइल येतेय ती टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची, शेवटी सहा भलतीच अक्षरं चिकटलेली अशी दिसते. पूर्ण झाली की तिला खरं नाव मिळतं. तिचा आकार मिनिटभराने पुन्हा बघ. वाढला असेल तर गाडी चालू आहे, विषय संपला. दुसरी गॅलरी, जिथून डेटा निघतोय ती डिस्क. आयओस्टॅट लावून तिचं वाचन चालू आहे का बघ. बोर्ग किंवा रेस्टिकसारखं आधी साठवलेला डेटा परत न साठवणारं काही वापरत असाल तर पलीकडची जागा फारशी वाढतच नाही, तिथे हीच गॅलरी कामाची. तिसरी, खुद्द प्रोसेस. लिनक्सच्या प्रॉकमध्ये तिच्या नंबराच्या फोल्डरात आयओ नावाची फाइल असते, तिच्यात आजवर किती बाइट वाचले नि किती लिहिले ते मिळतं. दोनदा बघ, वजाबाकी कर. तिन्ही ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं एकही आकडा हलला नाही, तरच "अडकलाय" हा शब्द उच्चार.

वजाबाकीवरून वही आठवली. बँकेत असताना माझ्याकडे शंभरपानी वही होती, पोरं हसायची. रोज तीनच नोंदी: सुरू कधी, अर्ध्या तासाने किती, संपला कधी आणि एकूण किती. एका गिगाबिटच्या जाळ्यातून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. म्हणजे अर्ध्या तासाला २०० जीबीच्या आसपास, आणि २ टीबीला पाच तास. हे गणित सुरू करण्याआधीच कागदावर असलं पाहिजे. एका रात्री अर्ध्या तासाने बघतो तर २०० च्या जागी २०. सॉफ्टवेअर म्हणतंय सगळं आलबेल, बार सरकतोय. पण सेकंदाला ११ एमबी हा आकडा ओळखीचा आहे: शंभर मेगाबिटची लाइन नेमकी एवढंच देते. रॅकच्या मागे गेलो तर दुपारी कुणीतरी यूपीएस सरकवताना केबल दाराच्या बिजागरीत चेमटली होती, आणि दोन्हीकडच्या कार्डांनी मुकाट्याने वेग उतरवून घेतला होता. केबल बदलली, परत सुरू केलं. बारकडे बघत बसलो असतो तर तो बॅकअप पन्नास तास चालला असता.

संथ चालणाऱ्याला आपण घाबरतो, झटपट उरकणाऱ्याला मात्र शाबासकी देतो. मीही दिली होती. २००९ साली एका संध्याकाळी लाइट गेली, सगळं परत उठवलं, पण बॅकअपच्या मशिनवर फाइल सर्व्हरचा शेअर माउंट झालाच नाही. माउंटच्या जागी राहिलं रिकामं फोल्डर. एरवी पावणेदोन तास घेणारा बॅकअप चार मिनिटांत उरकला, खाली "यशस्वी" लिहून आलं. मी वहीत वेळ लिहिली, आकार लिहायचा कंटाळा केला आणि घरी जाऊन गरम जेवलो. तीन रात्री असंच. चौथ्या दिवशी एका शाखेकडून सह्यांच्या स्कॅनचं फोल्डर चुकून उडालं. बॅकअपमध्ये नसलेल्या त्या तीन दिवसांची सह्यांची कार्डं शाखेतल्या मुलींनी पुन्हा काढून पुन्हा स्कॅन केली, रात्री आठपर्यंत बसून. मी त्यांना वडापाव नेऊन दिले. आणखी काय करणार होतो? यशस्वी म्हणजे आज्ञा चुकली नाही एवढंच. रिकामं फोल्डर तिने अगदी यशस्वीपणे उचललं होतं.

आता गप्प बसणाऱ्या बॅकअपबद्दल, कारण तुझा हात तिथेच सुटतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत जे घडलं ते त्यांनी स्वतःच सविस्तर लिहून ठेवलंय, तेवढं वेळ काढून वाच. एक इंजिनिअर दुय्यम डेटाबेस सर्व्हर नव्याने भरून घेत होता. त्यासाठी पोस्टग्रेसची पीजी-बेसबॅकअप ही आज्ञा दिली, तर ती नुसती बसून. पडद्यावर अक्षर नाही. खरं म्हणजे मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ती अशीच गप्प बसते, तिचा स्वभावच तो. ते ज्याला माहीत होतं तो सहकारी त्या वेळी तिथे नव्हता. याला वाटलं, आधीच्या प्रयत्नांतला काही कचरा दुय्यम सर्व्हरच्या फोल्डरात राहिला असेल, म्हणून ते फोल्डर उडवायला गेला. आणि आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबी गेले होते.

मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप कधीचाच बंद पडलेला. डेटाबेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे दर वेळी चूक होऊन थांबायचा; चूक झाल्याच्या मेल जायच्या, पण डीमार्क या मेल-तपासणीच्या नियमात न बसल्यामुळे त्या परत फिरवल्या जायच्या. निभावलं ते एका स्नॅपशॉटवर, जो सहा तास आधी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतला होता. त्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. लोक या गोष्टीतून "सर्व्हरचं नाव नीट वाचा" एवढंच घेतात. मला विचारशील तर सगळी वाट लागली ती त्या मुक्या पडद्यापाशी. एवढी साधी ओळ तिथे असती की मी मुख्य सर्व्हरची वाट बघतोय, तर त्या माणसाने उठून चहा घेतला असता. २०२० मध्ये पोस्टग्रेस १३ मध्ये बेसबॅकअपची प्रगती सांगणारा तक्ता आला. चेकपॉइंट संपायची वाट बघतोय, आकाराचा अंदाज घेतोय, फायली पाठवतोय, असा टप्पा त्यात शब्दांत दिसतो. तुमच्याकडे पोस्टग्रेस आहे ना? मग आज रात्री बॅकअप चालू असताना तो तक्ता उघडून बघ. त्यातलाही एकूण आकडा अंदाजेच असतो, बॅकअप चालू असताना डेटाबेस बदलत असतो म्हणून. पण टप्पा कळला की हात शिवशिवत नाहीत.

आणि हो, चालू स्क्रिप्टमध्ये सुधारणा करायची नाही. "एकच ओळ बदलते" म्हणूनही नाही. बॅश स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत पुढे जातो. मधेच खालची फाइल बदललीस तर अर्धी जुनी नि अर्धी नवी अशी भलतीच आज्ञा तयार होते. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर हेच झालं. बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली, जुन्या नोंदी पुसणाऱ्या ओळीला फोल्डरचं नावच मिळालं नाही, आणि ७७ टीबी, साधारण ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या गेल्या. बॅकअप घेणाऱ्यानेच मूळ खाल्लं.

बाकीचं पटकन. लांबून काम करताना बॅकअप नेहमी टीमक्समध्ये सुरू कर, म्हणजे तुमच्या हॉस्टेलचं वायफाय गेलं तरी तो मरत नाही, आणि सकाळी परत जोडून बघता येतं. पाइप लावायचीच वेळ आली तर मध्ये पीव्ही घाल, वेग नि एकूण दोन्ही दाखवतो. डिस्क कॉपी करणाऱ्या डीडीला यूएसआर-वन सिग्नल दिला की लिनक्सवर तो बापडा कुठवर आलो ते सांगतो, मॅकवर त्याच सिग्नलने जागच्या जागी मरतो. तुझ्या टेबलावर दोन्ही मशिनं आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. प्रोसेसपुढे स्थितीच्या रकान्यात "डी" दिसलं की ती डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलीय, तिला किल मारून काही होत नाही, डिस्ककडे बघ. आणि दर पाच मिनिटांनी पडद्यासमोर जाऊन उभी राहू नकोस. अर्ध्या तासाने एकदा, वही हातात घेऊन, पुरे.

तशीच एक वही पाठवतोय. शेजारच्यांचा मुलगा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर, लाडवांच्या डब्यावर ठेवून. पहिल्या पानावर मी रकाने आखलेत, पहिली नोंद तुझ्या हातची असू दे. तोपर्यंत साध्या कागदावर लिही, आणि आज रात्री अर्ध्या तासाने किती जीबी झाले ते मला कळव. २.२० ला कळवलंस तरी चालेल. फक्त मामीसाठी पहिलं वाक्य "घरचे सगळे ठीक आहेत" असं म्हण, आकडा त्यानंतर.

तुझा,
मामा