गावाची भूमी आणि गावाचा कारभार
(मंडळ्यांसाठी व उपदेशकांसाठी अभ्यासपाठ)

वाचन: निर्गम १८:१३-२६; नहेम्या, अध्याय ३.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसे. ते पाहून त्याचा सासरा इथ्रो याने त्यास सल्ला दिला की, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर विश्वासू माणसे नेमावी आणि अवघड प्रकरणे तेवढी स्वतःकडे घ्यावी. मोशेने तो सल्ला मानला. आपल्या गावचा कारभारही अशाच पायऱ्यांनी चालतो. परंतु आपल्यातील पुष्कळ घरे तो जगाचा व्यवहार म्हणून त्यापासून दूर राहतात. हे बरे आहे काय, याचा विचार आपण पिंगुळी गावाच्या उदाहरणावरून करू.

भूमी. पिंगुळी हे गाव कुडाळानजीक, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. येथील गुढीपूर वाडीतील ठाकर समाजाच्या चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. पूर्वेस सह्याद्री व पश्चिमेस समुद्र, यांच्यामधील ही अरुंद पट्टी होय. या भागात वर्षास सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांतच. नद्या आखूड, उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र, म्हणून पाणी लवकर वाहून जाते व वैशाखात विहिरी तळ गाठतात. पाऊस देव देतो. परंतु ओहोळावर वेळेवर बंधारा घालणे, विहीर उपसणे, नळाची दुरुस्ती करणे ही कामे गावाने एकत्र बसून ठरविल्यावाचून होत नाहीत.

पायऱ्या. कुडाळचा हा मुलूख पूर्वी सावंतवाडी संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला. पुढे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठिकाण ओरोस हे कुडाळ तालुक्यातच असल्यामुळे, ज्या कामासाठी पूर्वी रत्नागिरी गाठावी लागे, ते आता जवळ होते. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. गावासाठी ग्रामपंचायत, तालुक्यासाठी पंचायत समिती व जिल्ह्यासाठी जिल्हा परिषद, अशा तीन पायऱ्या १९५८ व १९६१ च्या कायद्यांनी घालून दिल्या आहेत. कुडाळासारख्या शहरास नगरपंचायत असते. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य निवडून येतात, आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेविलेल्या असतात.

दोन दप्तरे. येथे आपले लोक फार गोंधळतात, म्हणून उपदेशकांनी हे नीट समजावून द्यावे. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटारे, जन्ममृत्यूची नोंद ही ग्रामपंचायतीची कामे. जमिनीचा सातबारा व फेरफार ही महसुलाची कामे. ती तलाठी, मंडळ अधिकारी व तहसीलदार यांच्याकडे. बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत झाली म्हणजे जन्माची नोंद झाली असे नव्हे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांच्या आत कळवावा लागतो. आपल्या मृतांना मूठमाती देण्याची जागा कोणती, हा प्रश्न तर दोन्ही दप्तरांस स्पर्श करितो. जागेची देखभाल ग्रामपंचायतीकडे, पण ती जागा कोणाच्या नावे व कशासाठी आहे हे सातबारा सांगतो. पूर्वजांपासून आपण तेथेच पुरतो, एवढ्यावर विसंबून मंडळी स्वस्थ बसते. आणि वाद निघतो तो नेमका घरात प्रेत असताना. असा वाद निघण्यापूर्वीच उतारा काढून पाहावा व नोंद नसल्यास अर्ज करावा.

ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, असा प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात जिल्हासभेचे १०० पैकी ७० सभासद लोक निवडतात व ३० राष्ट्राध्यक्ष नेमितो. आपल्या ग्रामसभेत मात्र कोणाच्या नेमणुकीची वा निवडणुकीची गरज नाही. शेतमजूर असो की खोत, विधवा असो की सरपंच, सर्वांस बसण्याचा व बोलण्याचा हक्क सारखाच. वर्षातून निदान चार सभा भराव्या असा नियम आहे. मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० जण, यांतील जी संख्या कमी ती हजर असावी लागते. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची निराळी सभा भरते. आपल्या भगिनींनी तेथे अवश्य जावे, कारण विहीर आटली म्हणजे दूरवरून हंडा त्यांनाच वाहावा लागतो.

कोणी म्हणेल, "आमची घरे चार, आमचे कोण ऐकणार?" ऐकतीलच असे आम्ही सांगू शकत नाही. तथापि सभेत मांडलेली मागणी इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरिता येतो, आणि लिहिलेली गोष्ट पुढच्या सभेत पुन्हा विचारिता येते. घरी बसून केलेली कुरकुर कोठेच लिहिली जात नाही. शिवाय केवळ आपल्या वाडीसाठीच बोलावे असेही नाही. शेजारच्या वाडीच्या पाण्यासाठी ख्रिस्ती मनुष्य उठून बोलला, तर त्याची साक्ष पुष्कळ व्याख्यानांहून अधिक पोहोचेल.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कोट बांधणाऱ्यांची मोठी यादी आहे. याजक, सोनार, व्यापारी, एका अधिकाऱ्याच्या मुली, सर्वांची नोंद आहे. कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच भाग बांधिला. तकोवाच्या थोर लोकांनी मात्र त्या कामास खांदा दिला नाही, हेही तेथे लिहून ठेविले आहे. आपल्या गावच्या इतिवृत्तात आपली नोंद कोणत्या बाजूस व्हावी, याचा प्रत्येक मंडळीने विचार करावा.

विचारावयाचे प्रश्न:
१. इथ्रोने कशा प्रकारची माणसे निवडण्यास सांगितले?
२. आपल्या मंडळीतील किती जणांची नावे मतदारयादीत आहेत?
३. आपल्या दफनभूमीची नोंद कोठे व कशी आहे?
४. पुढील ग्रामसभा केव्हा आहे, आणि तेथे आपल्यापैकी कोण जाणार?