रानकोंबड्यामागे निघालेल्या भाच्यास

बाळा, अमेरिकेतला तुझा मित्र परवाना काढून, ठरल्या हंगामात रानटी टर्की मारतो, हे ऐकून तुलाही चंदीगडच्या रानात कोंबडा टिपायची हुक्की आली म्हणे. आधी आत्याचं ऐक, मग बूट घाल.

१. बंदूक घरीच, एअरगनसुद्धा – १९७२च्या वन्यजीव कायद्यात आधी परवान्याने थोडी शिकार चाले, १९९१च्या दुरुस्तीने तेही दार लागलं. छरा सुटतो क्षणात, तारखा पडतात वर्षानुवर्षं.

२. फास लावणं, पकडायला दाणे पसरणं, घरटं विस्कटणं यातलं काही करू नकोस – कायद्याच्या लेखी ही सगळी शिकारच. अंडं उचलावं एकाने, उबवावं कोर्टाने.

३. मोराच्या तर वाटेलाच जाऊ नकोस – पहिल्या अनुसूचीतला पक्षी तो, तीन ते सात वर्षं आत बसवतो, वर दंड वेगळा.

४. कोंबडा नुसता बघायचा, तर चंदीगडच्या सुखना अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी आधी काढ, कागद खिशात ठेव. पायवाट सोडून उतारावर शिरू नकोस – शिवालिक डोंगरांची ही माती वाहून येऊन १९५८चा सुखना तलाव गाळाने भरायला लागला, म्हणून तर वर झाडं लावली आणि १९९८ साली त्याच झाडीचं अभयारण्य झालं. ती माती अजून पायाखालून सुटते.

५. डिसेंबर-जानेवारीत धुकं विरल्यावरच गाडी काढ – सांबर रस्त्यावर येतं आणि हॉर्न वाजवून बाजूला होत नाही.

६. आधी कान लाव. आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा करडा, इथला लाल. आरवतो गावठी कोंबड्यासारखाच, पण शेवटचा सूर मध्येच तोडल्यासारखा. उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढरा ठिपका बघ. मोबाइलवर त्याचा आवाज मात्र वाजवू नकोस – दुसरा नर आला समजून बिचारा चारापाणी सोडून भांडायला धावतो.

७. कपडे मातकट घाल. तिकडे अमेरिकेत शिकारी लाल, पांढरं, निळं टाळतात – टर्कीचं डोकं त्याच रंगांचं, चुकून दुसऱ्याची गोळी यायची. इथे एवढंच, की भडक शर्ट दिसला की पक्षी आधी पसार, मग तू चिडचिड करणार.

८. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नकोस, वनखात्याला कळव – २०१४च्या डिसेंबरात सुखना तलावावरच्या पाळीव हंसबदकांत बर्ड फ्लू निघाला होता.

९. फोटो टाक हवे तेवढे, घरट्याची जागा लिहू नकोस – फासेवालेही मोबाइल बघतात.

१०. कोंबडी खायचीच असेल तर परतताना बाजारातून आण. वाटण मी करून ठेवते.