दरेकसाचा घाट आणि चिमूटभर वाळू

गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर सालेकसा सोडताच खिडकीची जागा पकडा. भातशेती मागे पडते, झाडीचे डोंगर जवळ येतात. हा दरेकसाचा घाट. वाटेत बोगदा लागतो, आणि बोरतलाव येईतो तुम्ही छत्तीसगडात पोचलेले असता. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत अलीकडचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. (उतरलात तर कचारगडच्या गुहा जरूर पाहा.)

इकडे वैनगंगेचा विदर्भ, तिकडे शिवनाथ-महानदीचे छत्तीसगड, म्हणजे प्राचीन दक्षिण कोसल. पूर्वी तिकडचे धान्य बंजारे बैलांच्या पाठीवर लादून आणीत. १८८० नंतर लवकरच नागपूर-राजनांदगाव मीटरगेज मार्ग झाला; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ब्रॉडगेज केला.

बैल सहज चढतो तो चढ आगगाडीला का जड जावा? पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना विरोध फार थोडा असतो. सपाटीवर एक टन वजन ओढायला सुमारे अडीच किलोग्रॅम ओढ पुरते. आता १०० मीटरला १ मीटर असा चढ घ्या. डोळ्यांना तो जेमतेम जाणवेल. पण टनाचा शंभरावा भाग, म्हणजे १० किलोग्रॅम ओढ वाढली. अडीचाची साडेबारा झाली, पाचपट! कच्च्या रस्त्यावर बैलगाडीला टनामागे सुमारे ५० किलोग्रॅम ओढ आधीच लागते. तिची फक्त ६० होईल.

इंजिनाला आणखी एक अडचण आहे. ताकद कितीही असो, चाकांची रुळावरची पकड सुटली की ती जागीच गरगरतात. कोरड्या रुळावर ही पकड वजनाच्या साधारण पाव असते. १०० टनांचे इंजिन २५ टन ओढ लावील, म्हणजे या चढावर स्वतःसकट २,००० टन नेईल. पावसाने रूळ ओले झाले, पकड दहाव्या भागावर आली, की फक्त ८०० टन. उरलेली गाडी घाटात अडकायची! म्हणून इंजिनात वाळूची पेटी असते. नळीतून थोडी वाळू चाकापुढे सोडली की पकड पुन्हा येते. लाखो रुपयांच्या यंत्राची लाज कधीकधी वाळू राखते.

कोकण आणि देश जोडणाऱ्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे. तिथे कर्जतहून गाडीला मागून जादा इंजिने का लावतात, ते वरच्याच रीतीने हिशेब करून पाहा. कोरड्या रुळासाठी उत्तर साडेआठशे टनांच्या आसपास यायला हवे.