प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू करताय? मग हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कसा लिहायचा ते पाहिलं. त्यातला एक मुद्दा घाईत राहून गेला, तो इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे!

आधी हा मेसेज मोठ्याने वाचा:

“आम्ही घरगुती फराळ बनवतो. आम्ही चकली, चिवडा, शेव, अनारसे बनवतो. आम्ही भाजणी घरीच भाजतो. आम्ही शेंगदाणा तेल वापरतो. आम्ही ऑर्डर घेत आहोत. आम्ही घरपोच देतो.”

यात चूक काही नाही. शुद्धलेखन ठीक आहे, माहिती खरी आहे. तरी तिसऱ्या वाक्याला लक्ष उडतं. सहा वाक्यं आणि सहा वेळा ‘आम्ही’! पाढे म्हटल्यासारखं वाटतं. आणि ज्याने पैसे द्यायचे, तो ग्राहक या मेसेजमध्ये कुठेच नाही.

शिवाय चॅटच्या यादीत मेसेजचे पहिले काही शब्दच दिसतात. दिवाळीच्या तोंडावर तुमच्या ग्राहकाला असे किती मेसेज येत असतील! सगळेच “आम्ही घरगुती फराळ...” म्हणत असतील, तर तुमचा कशाला उघडायचा?

मराठीची सोय वापरा

आपल्या भाषेत शब्दांची जागा बरीच मोकळी असते. “आम्ही भाजणी घरीच भाजतो” हेच “भाजणी आम्ही घरीच भाजतो” असंही म्हणता येतं. अर्थ तोच, पण आता भाजणीकडे लक्ष जातं. आणि कोण बोलतंय हे स्पष्ट असेल, तर ‘आम्ही’ गाळलं तरी चालतं.

वाक्य सुरू करायच्या पाच जागा लिहून घ्या:

1. वेळ – “वसुबारसेपर्यंत...”
2. वस्तू – “चकलीची भाजणी...”
3. ठिकाण – “कोथरूडमध्ये...”
4. कारण – “पीठ मुरायला वेळ लागतो, म्हणून...”
5. ग्राहक – “तुमच्यासाठी...”

आता तोच मेसेज असा लिहून पाहू:

“वसुबारसेपर्यंत फराळ तुमच्या घरी पोचेल. चकली, चिवडा, शेव आणि अनारसे अर्धा किलोपासून मिळतील. चकलीची भाजणी आम्ही घरीच भाजतो. तळायला फक्त शेंगदाणा तेल. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात आणि नंतर पीठ गुळात मुरावं लागतं, म्हणून त्यांची ऑर्डर दहा दिवस आधी सांगा. कोथरूड आणि कर्वेनगरमध्ये घरपोच देऊ. तुमच्यासाठी किती लिहून ठेवू?”

‘आम्ही’ किती वेळा आलं? एकदाच. पण खरी गंमत वेगळीच आहे. पहिल्या मेसेजमध्ये फराळ कधी मिळणार, कमीत कमी किती घ्यायचा, अनारसे आधी का सांगायचे, यातलं काहीच नव्हतं. वेळेने वाक्य सुरू करायचं ठरवलं, तेव्हा तारीख ठरवावी लागली. ठिकाणाने सुरू करायचं म्हटलं, तेव्हा कुठे पोचवणार हे ठरवावं लागलं. म्हणजे सुरुवात बदलली की नुसती भाषा सुधारत नाही, धंद्यातल्या न ठरवलेल्या गोष्टीही समोर येतात. फक्त एक पथ्य पाळा: जे जमणार आहे तेच लिहा. वसुबारस लिहिली तर वसुबारसेला डबा पोचलाच पाहिजे.

तीन ठिकाणी सांभाळा

पहिलं, प्रत्येक वाक्याला मुद्दाम वेगळा शब्द शोधत बसू नका. दोन वाक्यं सारखी सुरू झाली म्हणून काही बिघडत नाही. आधीच्या वाक्यात जे आलं, त्याला धरून पुढचं सुरू झालं की वाचणारा आपोआप पुढे सरकतो.

दुसरं, ‘आम्ही’ काढून तिथे ‘तसेच’, ‘त्याचबरोबर’, ‘शिवाय’ यांची रांग लावू नका. रोग तोच राहतो, फक्त नाव बदलतं.

तिसरं, दरपत्रक मात्र एकाच साच्यात ठेवा. पदार्थ, वजन, किंमत हाच क्रम प्रत्येक ओळीत हवा. तिथे ग्राहकाला भाव पटकन दिसला पाहिजे, भाषेची मजा नको.

गृहपाठ

तुमचा शेवटचा व्यवसायाचा मेसेज उघडा आणि वहीत उतरवा. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दाभोवती गोल करा. एकच शब्द तीन किंवा जास्त वेळा आला असेल, तर वरच्या पाच जागांपैकी दोन-तीन वापरून पुन्हा लिहा. मग घरातल्या कुणालातरी वाचून दाखवा आणि एवढंच विचारा, “काय, कधी आणि कुठे मिळणार, हे कळलं का?”

त्यांनी तिन्हींची उत्तरं न अडखळता दिली, तर मेसेज पाठवायला हरकत नाही. नाही दिली, तर अजून एकदा लिहा. दहा मिनिटं जातील, पण ऑर्डर देणाऱ्याला तुम्हाला फोन करून तेच तेच विचारावं लागणार नाही.

चला तर, भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत लिहीत राहा, विकत राहा!