रसायनशास्त्र ऑलिंपियाड आणि अकरावीचे विषय

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशासाठी विषय निवडावे लागतात. ज्यांना रसायनशास्त्राची गोडी आहे आणि आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडची तयारी करायची आहे, त्यांच्यापुढे दोन प्रश्न हमखास उभे राहतात. गणित सोडले तर चालेल का? आणि जीवशास्त्र घ्यावेच लागेल का?

प्रथम स्पर्धेविषयी थोडेसे. ती १९६८ साली प्राग येथे चेकोस्लोव्हाकिया, पोलंड व हंगेरी या तीन देशांच्या सहभागाने सुरू झाली. भारत तीत १९९९ पासून भाग घेऊ लागला आणि २००१ साली ती मुंबईत भरली. आपल्याकडे लेखी परीक्षांच्या चाळणीनंतर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिर भरते व त्यातून चौघांचा संघ निवडतात. अंतिम स्पर्धेत लेखी परीक्षेला ६० टक्के आणि प्रयोगांना ४० टक्के गुण असतात.

आता गणिताकडे वळू. एक साधे उदाहरण घ्या. एक लिटर द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्लाचा मोलचा फक्त दहा कोटीवा भाग आहे. त्याचा सामू किती? घाईने सूत्र वापरले तर उत्तर ८ येते. पण सामू ७ पेक्षा जास्त म्हणजे द्रावण अल्कधर्मी! पाण्यात आम्ल टाकून ते अल्कधर्मी कसे होईल?

चूक कोठे झाली? पाणी स्वतःही हायड्रोजन आयन देते, हे आपण विसरलो. मोलचा एक कोटीवा भाग हे एक माप धरू. २५ अंश सेल्सिअसला पाण्यातील हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार या मापात १ असतो. हायड्रोजन आयन एकूण क्ष माना. त्यांपैकी ०.१ आम्लाचे, उरलेले पाण्याचे, आणि हायड्रॉक्साइड आयनही तेवढेच. म्हणून

क्ष × (क्ष − ०.१) = १

हे वर्गसमीकरण सोडवले की क्ष = १.०५ येतो. त्याचा लघुगणक सुमारे ०.०२. म्हणून सामू ७ − ०.०२, म्हणजे ६.९८. द्रावण किंचित आम्लधर्मी आहे, आणि ते तसेच असायला हवे.

पाहा, कल्पना रसायनशास्त्राची, पण उत्तरापर्यंत नेले ते गणिताने. अभिक्रियेचा वेग, समतोल, विद्युतघट यांतही हेच घडते. म्हणून शक्यतो गणित सोडू नका. भौतिकशास्त्र तर हवेच. ऊर्जा, वायूंचे नियम व प्रकाशाचे शोषण त्याच्याशिवाय नीट उमगत नाही.

जीवशास्त्राची सक्ती नाही. प्रथिने, कर्बोदके यांची रासायनिक ओळख बारावीच्या रसायनशास्त्रातच होते. तेव्हा चौथा विषय आवडीने निवडा. मात्र डॉक्टर व्हायचे म्हणून कोणी गणिताऐवजी जीवशास्त्रच घेतले, तर त्याने निराश होऊ नये. लघुगणक, वर्गसमीकरण आणि आलेखाचा चढ एवढे तरी त्याने स्वतः पक्के करावे.

शेवटी प्रयोगशाळा. अनुमापन करताना मित्राच्या वहीतले आकडे उतरवू नका. ब्युरेटमधील द्रावणाच्या पृष्ठभागाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणून वाचन घ्या. तीन वाचने जुळेपर्यंत प्रयोग पुन्हा करा. हा हात ऐन परीक्षेत तयार होत नाही; तो अकरावीपासूनच घडवावा लागतो.

आता तुम्हीच करून पाहा : आम्लाऐवजी तेवढेच सोडियम हायड्रॉक्साइड घेतले तर सामू किती येईल? उत्तर ७ पेक्षा किंचित अधिक आले, तर समजा की पाण्याला तुम्ही विसरला नाहीत.